गोळीसोबतचं वाक्य

(महाबळेश्वर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी कोयनेच्या काठच्या वाड्यावस्त्यांवर शिकवण्यात हयात घालवली. त्यांच्या शाळेबद्दल त्यांचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मला आठवतात ते संध्याकाळी ओसरीवर बसून लोकांची औषधं लावून देणारे गुरुजी. मेढ्याला किंवा महाबळेश्वरला दवाखान्यात जाऊन आलेला माणूस घरी जाण्याआधी पिशवी घेऊन त्यांच्याकडे यायचा. गुरुजी चिठ्ठी वाचायचे, पाकीट उलटसुलट करून बघायचे आणि त्यावर पेन्सिलीनं लिहायचे : सकाळी जेवल्यावर, रात्री निजताना. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं काही सांगत नसत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माणूस पाठवून विचारून घेत. माझा आजचा विषय त्या पेन्सिलीच्या अक्षरांपाशीच येऊन थांबणार आहे.

विषय आहे औषधांमुळे क्वचित होणारी पांढऱ्या पेशींची घट.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. ‘पेशी कमी झाल्या’ असं आपल्याकडे कुणी म्हटलं की ऐकणारा डेंग्यू धरून चालतो आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवतो. त्या पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणाऱ्या. मी बोलणार आहे पांढऱ्या पेशींबद्दल, आणि त्यांतही न्यूट्रोफिल नावाच्या पेशींबद्दल. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात आणि मोठ्या माणसांत त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहसा न्यूट्रोफिल असतात. काटा रुतला, जंतू शिरला, की तिथं आधी धावून जातात त्या याच. रक्तात त्या जेमतेम काही तास टिकतात, म्हणून हाडांतली मज्जा दररोज सुमारे शंभर अब्ज नव्या न्यूट्रोफिल तयार करत असते. मज्जेचं काम थांबलं, तर हे कोठार थोड्याच दिवसांत रिकामं होतं. न्यूट्रोफिल दीड हजाराच्या खाली गेल्या की डॉक्टर सावध होतात. पाचशेच्या खाली गेल्या की एरवी तोंडात निमूट नांदणारे जंतूसुद्धा जिवावर उठतात. या अवस्थेला वैद्यकात अॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. नाव अवघड आहे, ते लक्षात ठेवायची गरज नाही. खूण मात्र लक्षात ठेवा : अचानक ताप आणि घसा दुखणं.

घसाच का? कारण तोंड आणि घसा ही जंतूंची कायमची वस्ती आहे. न्यूट्रोफिल रात्रंदिवस तिथं पहाऱ्यावर असतात, म्हणून ती वस्ती आपल्याला जाणवत नाही. पहारा उठला की आधी तिथंच फुटतं. आणखी एक गोष्ट सांगतो. गळवात जमणारा पू हा मोठ्या प्रमाणावर मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. ज्याच्या रक्तात त्या उरलेल्याच नाहीत, त्याच्या घशात मोठी जखम असूनही पू दिसत नाही. राखाडी, मळकट चट्टे दिसतात आणि गिळताना प्राण कासावीस होतात.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. प्रत्यक्षात शिकवलं ते एका बाईंनी.

कांदाटीच्या बाजूच्या एका वाडीतल्या त्या बाई. हात थरथरायचे, भाकरी थापताना पीठ परातीबाहेर सांडायचं, छातीत धडधड, वजन उतरलेलं. थायरॉइड जास्त चालत होतं. मी कार्बिमॅझोलच्या गोळ्या सुरू केल्या. औषध योग्य होतं आणि आजही तेच देईन. सांगताना मी बजावलं, ‘एकही दिवस चुकवू नका, सहा आठवड्यांनी दाखवायला या.’ तो जून महिना होता.

जुलैत भाताची लावणी सुरू असताना त्यांना ताप आला, घसा धरला. पावसाळ्यात आपल्याकडे घसा कुणाचा दुखत नाही? दिवसदिवस चिखलात ओणवं राहायचं, अंगावर ओलं इरलं. जवळच्या दवाखान्यात त्यांना इंजेक्शन आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या. आधीपासून काही गोळ्या चालू आहेत का, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगावं असं त्यांना वाटलं नाही. घशाची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांचा काही संबंध असेल, हे त्यांना कुठून कळणार? चौथ्या दिवशी थुंकी गिळवेना. घाटात दरड आलेली, त्यात आणखी एक दिवस गेला. माझ्यासमोर आल्या तेव्हा ताप एकशे चारवर होता. मी रक्त पाठवलं. थोड्या वेळानं प्रयोगशाळेतल्या मुलाचा फोन आला. ‘डॉक्टर, एकूण पांढऱ्या पेशी नऊशे. स्लाइड दोनदा बघितली, न्यूट्रोफिल सापडत नाहीत.’

पुढचं सगळं मोठ्या रुग्णालयात झालं. गोळी तत्काळ बंद केली, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाली, मज्जेला चालना देणारी जी-सी-एस-एफची इंजेक्शनं दिली. नवव्या दिवशी पेशी दिसू लागल्या आणि बाई वाचल्या. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज पुरता उमटत नव्हता, तरी मला पाहताच म्हणाल्या, ‘एक बी दिस गोळी चुकवली न्हाई, डॉक्टर.’

घसा दुखत असताना, तापानं फणफणत असताना, इंजेक्शन घेऊन आल्यावरसुद्धा त्या रोज नेमानं ती गोळी घेत राहिल्या होत्या. कारण मी तसं सांगितलं होतं. दुसरं एक वाक्य मी सांगितलं नव्हतं : ‘घसा दुखून ताप आला, तर ही गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा.’ ते सांगायला दहा सेकंद लागतात. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. चूक माझी होती, आणि ती मी आज या व्यासपीठावरून सांगतो आहे, कारण गुरुजींच्या नावाच्या व्याख्यानात लपवाछपवी शोभणार नाही.

आता ‘क्वचित’ या शब्दाकडे वळू. कार्बिमॅझोल घेणाऱ्या हजार जणांत साधारण तिघांना हा त्रास होतो आणि बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत होतो. म्हणजे नऊशे सत्त्याण्णव जणांचं काही बिघडत नाही. जे डॉक्टर आयुष्यभरात असे शंभरेक रुग्ण पाहतात, त्यांना हा प्रकार एकदाही न दिसण्याचीच शक्यता अधिक. मग ‘तीस वर्षं हे औषध देतोय, कुणाला काही झालं नाही’ असं ते अगदी प्रामाणिकपणे म्हणतात. दुर्मीळ धोक्याच्या बाबतीत एकट्या माणसाचा अनुभव फसवतो. नव्या औषधाच्या चाचण्यांचंही तसंच आहे. तीन हजार लोकांवर चाचणी झाली आणि दहा हजारांत एकाला होणारा त्रास त्यात दिसलाच नाही, तर नवल नाही. असा त्रास दिसतो तो अनेकांचे अनुभव एका वहीत उतरले की.

ती वही कशी भरत गेली, ते थोडक्यात सांगतो. १९२२ साली बर्लिनच्या वेर्नर शुल्ट्झ या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं : घशात कुजलेल्या जखमा, तीव्र ताप आणि रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीत. कारण कळत नव्हतं. दशकभरानं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की यातल्या कित्येक रुग्णांनी अमिडोपायरिन नावाचं तापाचं, अंगदुखीचं औषध घेतलं होतं. हे औषध १८९७ पासून बाजारात होतं. घराघरांत असलेल्या औषधाचा हा गुण कळायला पस्तीसेक वर्षं लागली. भारतात त्यावर बंदी आली १९८३ साली.

त्याचंच भावंड म्हणजे मेटामिझोल, आपल्या ओळखीचं अॅनालजिन. तेही जर्मनीत १९२२ सालीच बाजारात आलं. स्वीडननं १९७४ मध्ये आणि अमेरिकेनं १९७७ मध्ये ते काढून टाकलं. जर्मनी, स्पेन, ब्राझील इथं ते आजही वापरात आहे. आपल्या केंद्र सरकारनं २०१३ च्या जूनमध्ये त्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी अटी घालून ती उठवली. शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही, आणि मी इथं निवाडा करणार नाही. मला सलतं ते वेगळंच. ज्या गोळीवर देशोदेशीची सरकारं इतका खल करतात, ती गोळी आपल्याकडे वर्षानुवर्षं तापाला, कंबरदुखीला, काही न सांगता हातावर ठेवली गेली.

हे मी हवेत बोलत नाही. औषधांचा वापर मोजण्याचं मोलाचं काम आपल्याच सातारा जिल्ह्यात झालं आहे. फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेतर्फे डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या जिल्ह्यातला औषधांचा पुरवठा आणि वापर तपासला, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या शास्त्रीय कसोटीवर लावून पाहिल्या. डॉ. फडक्यांनी पुढे १९९८ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. देशाच्या औषधधोरणाची चर्चा दिल्लीत होते, पण तिला लागणारा पुरावा आपल्या तालुक्यांतल्या दवाखान्यांतून गोळा झाला, याचा सातारकरांनी अभिमान बाळगावा. आणि तो पुरावा आपल्या चिठ्ठ्यांमधला गोंधळ दाखवणारा होता, याची खंतही.

कुणी म्हणेल, मग औषधच नको, आपली डोंगरातली हवाच बरी. त्यांनी वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत जाऊन यावं. १९१२ साली डॉ. रुस्तम बिलिमोरियांनी तिथं क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम उभं केलं. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हतं. हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न एवढंच देता यायचं. दुष्परिणाम करायला औषधच नव्हतं, पण आजार माणसं नेतच होता. क्षयावरची औषधं आली ती १९४० च्या दशकापासून. आज औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड देतात. ते मज्जेवर दाब आणतं, म्हणून पेशी मोजत मोजत द्यावं लागतं. एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिनचंही तसंच होतं. रक्त कमी व्हायचं, पांढऱ्या पेशी उतरायच्या. तरी २००४ साली सरकारी रुग्णालयांतून मोफत एचआयव्हीची औषधं सुरू झाली तेव्हा मरणाच्या दारातून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. औषध सोडायचं नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवल्यानं काय होतं, त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण क्लोझापिनचं. आपल्यापैकी अनेकांनी २००४ साली आलेला ‘देवराई’ हा चित्रपट पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या त्या चित्रपटानं स्किझोफ्रेनिया काय असतो, हे मराठी घरांना दाखवलं. या आजारात इतर औषधं थकतात तेव्हा क्लोझापिन कामी येतं. हे औषध १९७५ साली फिनलंडमध्ये आलं आणि काही महिन्यांतच पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन आठ रुग्ण दगावले. अनेक देशांत ते मागे घेण्यात आलं. पण ज्यांना दुसऱ्या कशानंच बरं वाटत नव्हतं, ती माणसं तर होतीच. १९८८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी क्लोझापिननं ३० टक्के सुधारतात, तर तुलनेच्या औषधानं केवळ ४ टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, एका अटीवर : आठवड्याला रक्त तपासायचं, अहवाल नाही तर पुढची गोळी नाही. १९९३ साली ११,५५५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ७३ जणांच्या पेशी धोकादायकरीत्या उतरल्या होत्या, त्यांतले दोघे दगावले. फिनलंडमधले आठ आणि अमेरिकेतले दोन यांच्यात औषध तेच होतं. मधे आली होती ती दर आठवड्याची सुई. २०२५ साली अमेरिकेनं सक्तीची नोंदणी काढून टाकली, पेशी मोजण्याचा सल्ला मात्र कायम ठेवला.

आपल्या जवळचं उदाहरण थॅलसेमियाचं. या मुलांना सारखं रक्त चढवावं लागतं आणि त्यातलं लोह शरीरात साठत जातं. ते काढायला आठवड्यातल्या पाच-सहा रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचून आठ ते बारा तास पंपानं औषध द्यावं लागायचं. झोपलेल्या लेकराला रोज सुई टोचणाऱ्या आईची कल्पना करा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर डेफेरिप्रोन ही त्यावरची गोळी जगात सर्वांत आधी भारतात मिळू लागली, मुंबईच्या सिप्ला कंपनीनं ती आणली. ही गोळी घेणाऱ्या शंभरात एखाद-दोन मुलांच्या न्यूट्रोफिल धोकादायकरीत्या उतरतात. म्हणून आईबापांना सांगून ठेवावं लागतं : ताप आला की गोळी बंद, रक्त तपासा. पंपाच्या सुईतून सुटका करणाऱ्या त्या गोळीसोबत हे वाक्य घरात गेलं, तरच ती सुटका खरी.

काही ठिकाणी वाक्यावरच भिस्त ठेवावी लागते, कारण तपासणी पुरी पडत नाही. कार्बिमॅझोलमध्ये पेशी कधी कधी चार दिवसांत कोसळतात. सोमवारचा अहवाल उत्तम असतो आणि शुक्रवारी घसा धरतो. अशा वेळी रुग्णाच्या स्वतःच्या सावधपणाइतका भरवशाचा पहारेकरी नाही. आणि आपला मुलुख कसा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळीचा रस्ता तुटला. तापोळ्याकडच्या माणसाला जलाशय ओलांडायला लाँच लागते. इथं तपासणीपर्यंत पोचायलाच वेळ जातो. म्हणून खूण आधी माहीत असायला हवी.

आता घरी जाऊन करायच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, नवं औषध मिळालं की डॉक्टरांना विचारा, ‘काय झालं तर तुमच्याकडे लगेच यायचं?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो. थायरॉइड कमी करणाऱ्या गोळ्या, क्लोझापिन, डेफेरिप्रोन, सांधेदुखीवरचं सल्फासॅलाझिन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, यांच्याबाबत तर विचाराच. मात्र आज ऐकलेल्या भीतीनं कुणीही आपली चालू गोळी उद्या सकाळी सोडू नये. क्लोझापिन तर अचानक सोडल्यानं आजार उसळून येतो. ताप आला तर त्याच दिवशी रक्त आणि त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी, कुठल्याही दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. दुकानात पट्टीचा तुकडा कापून घेताना नाव असलेला भाग मागून घ्या. नाव गेलेला चंदेरी तुकडा कुठल्याच डॉक्टरला काही सांगू शकत नाही.

तिसरी, एकदा ज्या औषधानं पेशी उतरल्या, ते आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून आधारकार्डासोबत ठेवा.

चौथी, त्रास झाला तर कळवा. भारताचा औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनाशुल्क क्रमांक. डॉक्टरच नव्हे, रुग्णही कळवू शकतात. मघाशी मी ज्या वहीबद्दल बोललो, ती अशीच भरते. आपल्या डोंगरातली एक नोंद दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा तरी जीव वाचवू शकते.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि इथल्या आशाताईंना हात जोडून सांगणं आहे. गर्दी आहे, वेळ नाही, हे सगळं खरं. पण ‘रोज घ्या’ हे जसं आपण न चुकता सांगतो, तसं ‘केव्हा थांबायचं’ हेही सांगू या. त्या जुलैनंतर मी कार्बिमॅझोलच्या प्रत्येक चिठ्ठीवर लाल शाईनं मराठीत लिहितो आणि रुग्णाकडून मोठ्यानं वाचून घेतो. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून. गुरुजी पेन्सिलीनं करत होते तेच हे काम आहे, फक्त ते माझ्याआधी कितीतरी वर्षं करत होते.

त्या बाईंना नंतर रेडिओआयोडिनचा उपचार दिला. आता त्या रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेतात, ती वेगळी, त्या धोक्याची नाही. मागच्या वर्षी आल्या त्या शेजारच्या सुनेला सोबत घेऊन. पोरीचं थायरॉइड वाढलेलं, हात तसेच थरथरत होते. मी चिठ्ठी लिहायला घेतली. लाल पेन हातात घेण्याआधीच बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘हिला घशाचं सांगितलं का?’